अजिंठ्याचा पांढरा रंग

सिल्लोडहून अजिंठा गांवावरून लेण्यांकडे उतरणाऱ्या रसिकास तेथील चित्रांच्या तपकिरी-सोनेरी गांभीर्याची पहिली भूल पडते. आमचे टीकाकारहि त्याच गांभीर्याची वाखाणणी करितात. परंतु त्यांत चित्रकाराचा वांटा किती व रोगणाचा किती, हें विचारल्यावांचून केलेली स्तुति व्यर्थ होय.

1920 ते 1922 या काळांत निजाम सरकारनें बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीं सुटत चाललेला गिलावा भिंतीस धरून ठेविला. हे त्यांचे उपकार मोठेच. मात्र चित्रांवर त्यांनीं लाखेचें रोगणहि दिलें. पुढें तें पिवळें पडलें, ही तक्रार सर्वांच्या तोंडीं आहे. त्याहून सूक्ष्म हानि वक्रीभवनांकाची आहे, आणि तिची वाच्यता क्वचितच होते.

निर्वातांतील प्रकाशाचा वेग माध्यमांतील वेगाच्या किती पट, तें हा अंक सांगतो. हवेचा जवळजवळ 1, पाण्याचा 1.33, लाखेचा सुमारें 1.52 आणि पांढऱ्या रंगांतील केओलिन मातीचा सुमारें 1.56. दोन अंकांत अंतर असेल तेथेंच प्रकाश परततो. हवेंतून या मातीच्या कणावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा पांचाच्या आसपास भाग मागें फिरतो. लाखेंतून पडल्यास दहा हजारांत दोन भागहि नाहीं. पांढरें धोतर भिजलें कीं आंतलें अंग दिसूं लागतें, तें याच न्यायानें. गेरूंतील लोहद्रव्याचा अंक मात्र अडीचाहून अधिक. त्यामुळें तांबडा रंग रोगणांतहि आपलें ठाणें सोडीत नाहीं, उलट गहिरा होतो. म्हणजे सर्व चित्र सारखें काळवंडलें असें नव्हे. पांढरा मागें सरला, तांबडा पुढें आला, आणि चित्रकारानें साधलेला तोलच ढळला. पुरातत्त्व खात्यानें पुढें रोगण काढण्याचें कष्टाचें काम केलें; पण कणांच्या सांदींत मुरलेली लाख पृष्ठभागावरल्या सालीसारखी सहज निघत नाहीं.

याझदानींच्या ग्रंथाचे भाग 1930 ते 1955 या काळांत निघाले, म्हणजे रोगणानंतर. तेव्हां ग्रिफिथ्सकडे वळावें, असें कोणी म्हणेल. त्यांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं 1872 पासून केलेल्या नकला बहुमोल खऱ्या, पण त्या तैलरंगांतल्या! जवसाच्या तेलाचा अंक सुमारें 1.48. सरसांत कालविलेल्या रंगाचा कोरडा, खडूसारखा उजाळा त्या तेलांत उतरणें शक्यच नव्हतें. रेषेसाठीं ग्रिफिथ्सची साक्ष अवश्य घ्यावी. पांढऱ्या रंगाच्या बाबतींत ती आम्हांस मान्य नाहीं.