शस्त्र कोणाच्या हाती? : ‘अहिंसेने राष्ट्र दुबळे झाले’ या आरोपाची चिकित्सा

बौद्ध धम्माच्या अहिंसेमुळे भारत निर्बल झाला आणि परचक्रांस बळी पडला, हा आरोप मराठी वाचकांस नवा नाही. वि. दा. सावरकरांनी ‘भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने’ या ग्रंथात तो मोठ्या आवेशाने मांडला. अशोकाच्या धोरणास दोष दिला आणि पुष्यमित्र शुंगाचा गौरव केला. हेमचंद्र रायचौधरी यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकारानेही मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाची मीमांसा करताना अशोकाच्या शांतिनीतीस जबाबदार धरले. रोमिला थापर यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मताचे साधार खंडन केले. तरीही हा आरोप शालेय भाषणांपासून वृत्तपत्रीय लेखांपर्यंत सर्वत्र नांदतो आहे. म्हणून त्याच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ते गृहीतक असे, की कलिंगयुद्धानंतर अशोकाने शस्त्र खाली ठेवले. नवल असे की, अशोकाचे निंदक आणि त्याचे भक्त या एका बाबतीत सहमत आहेत. आपल्या व्यासपीठांवरही रणांगणात तलवार टाकणारा सम्राट वारंवार उभा केला जातो. परंतु तेराव्या शिलालेखात तलवार टाकल्याचा उल्लेख नाही. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंग जिंकला. दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मृत्यू पावली, असे तो लेख सांगतो. त्याच्या शंभराव्या वा हजाराव्या हिश्शाइतके दुःखही आता देवानांप्रियास जड वाटते, असेही सांगतो. पण त्याच लेखात अरण्यवासी जमातींस इशारा आहे की, सम्राटास पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या ठायी सामर्थ्य आहे. पुत्रपौत्रांनी नव्या विजयाची हाव धरू नये, आणि विजय करावाच लागला तर क्षमा व सौम्य दंड यांचा अवलंब करावा, असा उपदेश आहे. कलिंग परत दिला गेला नाही. देहदंडही रद्द झाला नाही. चौथ्या स्तंभलेखाने दंडित कैद्यांस तीन दिवसांची मुदत मात्र दिली.

सैन्य विसर्जित झाले नव्हते याची साक्ष पुष्यमित्राच्या कथेतच आहे. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’नुसार सेनापती पुष्यमित्राने सैन्यदर्शनाच्या मिषाने आपल्या स्वामीस, बृहद्रथास, ठार केले. अशोकानंतर सुमारे अर्धशतकाने ज्या सेनेचे असे दर्शन घडविता येत होते, ती सेना अहिंसेने संपविली असे कसे म्हणावे? पुढे हर्षवर्धनाने आणि बंगालच्या पाल राजांनी बौद्ध धम्मास आश्रय दिला. त्यांनीही सैन्ये बाळगली आणि युद्धे केली. या युद्धांचे समर्थन करण्याचे आम्हांस कारण नाही. आरोप वस्तुस्थितीस धरून नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

मग खरा प्रश्न कोणता? युद्धाचे तंत्र बदलते तेव्हा समाजाची घडणही बदलते. आणि त्या घडणीत शस्त्र कोणाच्या हाती राहते, हा तो प्रश्न होय. तथागतांच्या काळातच असा एक मोठा पालट घडत होता. शाक्य, कोलिय, वज्जी यांच्या गणसंघांत जे संथागारात बसून निर्णय घेत, तेच शस्त्र घेऊन रणात उतरत. दास आणि कर्मकर या वर्तुळाबाहेर होते, हे विसरता येत नाही. तरीही लढणारा आणि ठरविणारा तेथे एकच होता. उलट मगधात राजाच्या कोषावर पोसलेली सेना आकार घेत होती. अजातशत्रूने वज्जींविरुद्ध महाशिलाकंटक व रथमुसल ही नवी युद्धसाधने वापरल्याचे जैन भगवतीसूत्र सांगते. पाटलिग्रामी तटबंदी उभी राहत असल्याचे महापरिनिब्बानसुत्त सांगते. त्याच सुत्तात वस्सकार ब्राह्मण वज्जींचे बलाबल जाणण्यासाठी येतो, तेव्हा तथागत त्यांचे हत्ती वा रथ मोजत नाहीत. वज्जी वारंवार एकत्र जमतात काय, एकोप्याने कार्य करतात काय, हे ते आनंदास विचारतात. समाजाचे बळ त्याच्या आयुधांत नसून त्याच्या सभेत आहे, हा त्या प्रश्नांचा आशय आहे.

मगधाचा मार्ग मौर्यांनी शिखरास नेला. मगधाधिपतीजवळ सहा लाख पायदळ, तीस हजार घोडदळ आणि नऊ हजार हत्ती होते, असा आकडा प्लिनीने दिला आहे. तो अतिशयोक्त असू शकेल. परंतु राजकोषातून वेतन घेणाऱ्या सैनिकांचा स्वतंत्र वर्ग मेगस्थेनिसने नोंदविला आहे. शेजारी लढाई चालू असताना शेतकरी निर्वेधपणे नांगरतो, असेही ग्रीक वृत्तान्त म्हणतात. कलिंगाच्या लेखातील दीड लाख माणसे या चित्रात बसत नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परदेशातून माणसे आणून नवी शूद्रबहुल गावे वसविण्याचा उपदेश आहे. कलिंगातून नेलेल्यांच्या वाट्यास असेच जिणे आले असावे, हे अनुमान वाजवी ठरते. म्हणजे युद्ध रणांगणावर संपत नाही. जिंकलेल्यांच्या श्रमावर ते नव्या वस्त्या उभ्या करते आणि नवी उतरंड रचते.

धौली व जौगड येथे, म्हणजे खुद्द कलिंगात, तेरावा लेख कोरलेला नाही. त्या जागी अधिकाऱ्यांस उद्देशून वेगळे लेख आहेत: सर्व माणसे माझी अपत्ये आहेत, कोणास अकारण बंदिवास व छळ होऊ देऊ नका. पश्चात्तापाचे शब्द ज्यांच्यापुढे उच्चारावयाचे त्यांच्यापुढेच ते कोरले गेले नाहीत, ही त्रुटी आम्ही झाकू इच्छित नाही. मात्र विजेत्या राजाने आपल्या विजयातील मृतांची गणना दुःख म्हणून दगडावर कोरावी, ही गोष्ट विजयप्रशस्तींच्या परंपरेत अपूर्वच आहे. अशोकाचे मोठेपण येथे आहे; टाकलेल्या तलवारीत नाही.

आता दुर्बलतेकडे येऊ. सेना कोणत्या वर्णाची असावी याची चर्चा कौटिल्य करतो. ब्राह्मणसेनेस शत्रू केवळ प्रणिपाताने वश करील, असे तो म्हणतो. शस्त्रविद्येत तयार झालेली क्षत्रियसेना किंवा संख्येने मोठी वैश्य-शूद्रसेना तो पसंत करतो. उलट मनुस्मृतीचा आठवा अध्याय धर्म संकटात असता शस्त्र धरण्याची मुभा देतो ती द्विजांस. व्यवहारात अपवाद घडले. परंतु आदर्श म्हणून पूजिली गेली ती मनूचीच व्यवस्था. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात नेमके यावर बोट ठेवले: चातुर्वर्ण्याने बहुजनांस शस्त्र, विद्या व संपत्ती यांपासून वंचित केले, म्हणूनच ते बंड करू शकले नाहीत. जी व्यवस्था आपल्याच बहुसंख्य माणसांच्या हातून शस्त्र काढून घेते, ती परक्यांपुढे दुबळी ठरली तर त्याचा दोष धम्माच्या माथी का मारावा?

या विधानाचा पडताळा आधुनिक काळातही मिळतो. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार सैनिक होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. सैन्याबरोबर शाळा आली, आणि शाळेबरोबर सुभेदार रामजी सकपाळांसारखे शिक्षक घडले. पुढे ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्ताचा पगडा बसला आणि १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज भासताच १९१७ मध्ये महार पलटण उभारली गेली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीतून आणि बाबासाहेबांच्या पाठपुराव्यातून. माणसाची लायकी युद्धकाळी मान्य करावयाची आणि शांतताकाळी नाकारावयाची, हा अनुभव आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे.

हेच बाबासाहेब ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून होऊ घातलेले युद्ध सांगतात. सिद्धार्थ त्या युद्धास विरोध करतो आणि संघाचे बहुमत विरुद्ध गेल्यावर परिव्रज्या पत्करतो. एकीकडे सैन्यभरतीसाठी झटणारे आणि दुसरीकडे युद्धविरोधी सिद्धार्थ उभा करणारे बाबासाहेब यांत विसंगती शोधणाऱ्यांनी त्याच ग्रंथातील अहिंसेचे विवेचन वाचावे. अहिंसा हा नियम नव्हे, तत्त्व आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद आहे, असे ते सांगतात. ज्याच्या हाती शस्त्र येऊच दिले नाही, त्याच्या अहिंसेस नैतिक मूल्य नसते. ती निव्वळ अगतिकता असते. सिद्धार्थ शाक्यसंघाचा सभासद होता, शस्त्र धरण्याचा त्यास अधिकार होता. म्हणूनच त्याच्या नकारास अर्थ प्राप्त झाला.

तेव्हा अहिंसेने राष्ट्र दुबळे झाले काय, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. सभेत ज्यास स्थान नव्हते, शाळेत ज्यास प्रवेश नव्हता आणि सैन्यात ज्यास मज्जाव होता, त्याने कोणाचे आणि कशासाठी रक्षण करावयाचे होते? आरोपकर्त्यांनी प्रथम याचे उत्तर द्यावे. आपण मात्र अशोकाचा लेख समग्र वाचावा, त्यातील करुणेबरोबर त्यातील इशाराही वाचावा, आणि तथागतांनी वज्जींविषयी विचारलेले प्रश्न आजच्या आपल्या सभांस, संस्थांस व संघटनांस विचारीत राहावे.