विंचू उतरवणारी कला

राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याला गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. याच गावातून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. भाव आणि कर्ज यांवर गाव तेव्हा खणखणीत बोललं. पण रात्ररात्र डोळ्याला डोळा न लागणं, अन्नावरची वासना उडणं, माणसात बसावंसंच न वाटणं, हे कुठल्या निवेदनात लिहायचं? ते बोलायला गावात जागा कुठली, असा विचार केला की मला आधी भारूड आठवतं.

एकनाथांचा 'विंचू' घ्या. सोंगाड्या मृदंगाच्या ठेक्यावर मंडपात येतो आणि एकदम विंचू चावल्यासारखा लोळायला लागतो. कण्हतो, पाय झाडतो. टाळकरी विचारतात, तो सांगतो, बायापोरं हसतात. मग उतारा मिळतो, टाळांचा गजर चढतो आणि लोळणारा माणूस उठून नाचू लागतो. हा विंचू काम-क्रोधाचा आणि उतारा सत्त्वगुणाचा, हे नाथांनी उघड सांगितलं आहे. दुखणं सोंग घेऊन चारचौघांत आणायचं आणि सगळ्यांदेखत उतरवायचं! विसाव्या शतकात जेकब मोरेनो यांनी रुग्णानं आपलं दुखणं स्वतःच रंगवून दाखवायची 'सायकोड्रामा' नावाची उपचारपद्धती मांडली, ती आपल्याला परकी वाटू नये ती यामुळे. फरक एकच, पण मोठा. भारुडात सोंगाड्या नाचतो. ज्याला खरोखर चावलंय तो मंडपात मागे गप्प बसलेला असतो.

जात्यावर मात्र जिचं दुःख तीच गात असे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, राबणं, मार, सगळं त्यांत आहे. पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं; पण पहाटेची ती बोलायची जागाही गेली.

कलेतून दुखणं हलकं करण्याला पुढे उपचाराचं नावही मिळालं. 'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या चित्रकारानं १९४२ मध्ये क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात वापरला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासून कलेचा आरोग्याला उपयोग होतो, असा अहवाल दिला. आपल्याकडे काम झालं ते बहुतेक पुण्या-ठाण्यात. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अवचट स्वतः कागदाच्या घड्या, लाकडावरचं कोरीवकाम आणि बासरीत रमणारे. छंद माणसाला सावरतो हे त्यांनी जन्मभर सांगितलं. ओरिगामीला कात्री लागत नाही, डिंक लागत नाही. लागतो एक चौकोनी कागद आणि घडी नीट बसेपर्यंतचा धीर. थरथरत्या हाताला याहून साधा आणि स्वस्त सराव मला माहीत नाही.

सिनेमात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी मोठं काम केलं. २००४ च्या 'देवराई'त स्किझोफ्रेनिया झालेला शेष आहे आणि त्याला सांभाळताना थकणारी बहीणही. 'कासव'नं नैराश्याची गोष्ट सांगून राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवलं. 'देवराई' मला विशेष मोलाचा वाटतो, कारण औषध आणि डॉक्टर यांना बगल देऊन तो कलेचे गोडवे गात नाही. तरी हे चित्रपट पाहणाऱ्याला शहाणं करतात. रुग्णाच्या हातात काही देत नाहीत. त्या बाबतीत ठाण्यात रत्नाकर मतकरींनी उभा केलेला 'वंचितांचा रंगमंच' पुढे गेला. वस्तीतली मुलं तिथं आपल्याच जगण्यावर नाटिका बसवतात. त्याला कुणी उपचार म्हटलं नाही, तरी माझ्या लेखी या क्षेत्रातला तो सगळ्यात कसदार प्रयोग आहे.

उलट हल्ली जागोजागी होणारी एक दिवसाची 'कलोपचार कार्यशाळा' मला मान्य नाही. सकाळी रंग वाटायचे, दुपारी माणसाला रडेपर्यंत बोलतं करायचं, संध्याकाळी फोटो काढून निघून जायचं. उघडी केलेली जखम दुसऱ्या दिवशी कोण बघणार?

राहात्याच्या परिसरात वेगळं चित्र उभं राहू शकतं. लोणीला प्रवरेचं मोठं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावागावांत भजनी मंडळं आहेत, सप्ताह बसतात, मृदंग वाजवणारे हात आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, तीच दहा-पंधरा माणसं, वर्षभर; सोबत भारूड येणारा एक कलावंत आणि लागेल तेव्हा औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ. मंडपात मागे बसणाऱ्याला पुढे बोलवायचं, त्याचा विंचू त्यालाच सांगू द्यायचा. कॅमेरा नको, बॅनर नको. लोणीच्या डॉक्टरांनी आणि तालुक्यातल्या भजनी मंडळांनी येत्या सप्ताहाच्या आधी एकदा एकत्र बसावं, एवढीच माझी विनंती आहे.