स्टेशन आणि स्टँड

मोबाइल घरोघर येण्यापूर्वीची गोष्ट. शिरूरच्या आत्याचे दौंडला आमच्याकडे कार्ड आले : 'भाऊबीजेला येते. दुपारी स्थानकावर घ्यायला ये.' आत्याला लिहिता येत नसे. अक्षर शेजारच्या शाळकरी मुलाचे, आणि त्याने तिच्या तोंडचा 'ष्टँड' शुद्ध करून टाकलेला! मी दौंडकर. स्थानक म्हणजे स्टेशन, हे आमच्या रक्तातच. मी फलाटावर गाड्या धुंडाळीत राहिलो आणि आत्या एस.टी. स्टँडवर करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन दोन तास बसली. शिरूरला रेल्वेच नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

तेव्हापासून या दोन शब्दांकडे मी जरा संशयानेच पाहतो. मौज अशी की, इंग्रजीतही ते भाऊबंदच. 'स्टेशन' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, 'स्टँड' जर्मानिक कुळातला. पण मूळ धातू एकच, आणि तो आपल्या संस्कृत 'स्था'चा सगोत्र. म्हणजे 'स्थानक' दोघांनाही शोभते. व्याकरण मात्र निराळे. 'स्टँड' हे क्रियापद बहुधा आपण होऊन उभे राहण्याचे. 'स्टेशन'चे क्रियापद केले, की दुसरा कोणीतरी आपल्याला नेमून ठेवतो. या अर्थाने शिरूर रेल्वेवाचूनच 'स्टेशन' होते! इंग्रजांची तिथे छावणी होती. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत उतरलेली त्यांची तुकडी तिथूनच निघाली होती.

मराठीने दोघांना लिंगही वेगळे दिले : ते स्टेशन, तो स्टँड. स्टँड आपण सायकललाही लावला. उभे राहण्याची क्रिया तेवढी घेतली नाही. असो.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली एस.टी. गेली, ती शिरूरच्याच रस्त्याने. शिरूरकराचे जगाकडे उघडणारे दार म्हणजे स्टँड. दौंडला सोलापूरच्या वाटेवर मनमाडचा फाटा फुटतो. आमचे दार स्टेशन. दोन्ही दारांना नुसते 'स्थानक' म्हणणे मला पटत नाही. पाटीवर ते चालते, कारण पाटी आपल्या जागेवरच असते. पत्राला ती सोय नाही.

आत्याला हे सारे ऐकवले. ती म्हणाली, "अरे, मी ष्टँडच सांगितला होता. पोराने कागदावर काय केले, देव जाणे."

पुढच्या वर्षीच्या कार्डात तिने बजावून लिहून घेतले होते : 'ष्टँडच्या स्थानकावर ये.'