एका सहीचं पिस्तूल

बँकेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला पिस्तुलाबद्दल कुणी मत विचारत नाही. फार तर मुदत ठेवीवरच्या व्याजाबद्दल विचारतात, आणि तेही शेजारच्या बँकेतल्या. तरीही हे मत देतो आहे, कारण मेहुण्याच्या पिस्तुलाशी माझा तीन आठवडे जवळून संबंध आला. जवळून म्हणजे हातभर अंतरावरून. हात लावला नाही. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर, तिथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही, हे मी विमानात बसण्यापूर्वीच वाचून ठेवलं होतं. आधी नियम वाचायचा आणि मग घाबरायचं, ही आमची खात्यातली शिस्त. नियम नसता तरी मी हात लावला नसता, असं सौभाग्यवतींचं मत आहे. ते इथे केवळ नोंदीसाठी देतो.

मेहुणा टेक्सासमध्ये असतो. घर, दोन गाड्या, सात वर्षांची मुलगी, तीस वर्षांचं कर्ज आणि एक ग्लॉक १९, असा त्याचा ताळेबंद. शेजारच्या गल्लीत चोरी झाली, तेव्हा त्यानं ते घेतलं. त्याच्याबद्दल बोलताना त्याच्या आवाजात जो ओलावा येतो, तो आमच्या वडिलांच्या आवाजात फक्त त्यांच्या जुन्या स्कूटरबद्दल बोलताना यायचा.

"तीन हजार गोळ्या झाडल्या, भाऊजी. एकदाही अडकलं नाही."

"कशावर झाडल्या?"

"कागदावर."

कागदावर सगळंच व्यवस्थित चालतं, हे मी त्याला सांगणार होतो. पण पाहुणा होतो.

आता या वस्तूचं कुळ सांगायला हवं, कारण ते मला भलतंच आवडलं. गास्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन गृहस्थांनी पन्नाशीपर्यंत पिस्तूल म्हणून काही बनवलंच नव्हतं. त्यांच्या कारखान्यात पडद्याच्या दांड्या होत. पुढे लष्करासाठी सुरे होऊ लागले. मग ऑस्ट्रियन सैन्याला नवं पिस्तूल हवंय असं त्यांच्या कानावर आलं, आणि १९८२ साली नामांकित बंदूकवाल्यांना मागे टाकून या पडदेवाल्याचं ग्लॉक १७ सैन्यानं पसंत केलं. १९८८ साली त्याचाच जरा आखूड भाऊ आला, तो १९. ग्लॉकसाहेब २०२३ च्या डिसेंबरात, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले. पन्नाशीनंतर धंदा बदलून नाव काढणारा माणूस म्हटला की आम्हा चाळिशीतल्या कारकुनांना उगीचच हुरूप येतो. तो साधारण पगाराच्या तारखेपर्यंत टिकतो.

पिस्तुलाची मूठ आणि सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे चांगल्या जातीच्या प्लास्टिकचा. ही कल्पना पहिल्यांदा यांनाच सुचली असं मात्र नाही. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखनं १९७० मध्येच असं पिस्तूल काढलं होतं, पण ते फारसं चाललं नाही. प्लास्टिक म्हटल्यावर लोक बिचकलेच. १९९० च्या 'डाय हार्ड २' या चित्रपटात तर विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रालाही न दिसणाऱ्या चिनीमातीच्या ग्लॉकची थाप मारली आहे. प्रत्यक्षात नळी आणि वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, अस्सल पोलादाचा असतो आणि यंत्रात स्वच्छ दिसतो.

प्लास्टिकचा फायदा वजनात. जुनं पोलादी कोल्ट १९११ रिकामंच किलोच्या वर जातं, हे सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. मेहुणा दिवसभर कमरेला लावून हिंडतो आणि विसरतो. (हे विसरणं पुढे कथेत येणार आहे.) दिसायला मात्र अगदीच अरसिक. खिडकीच्या सरकत्या दाराला मूठ बसवल्यासारखं. याचं मॉडेल तिसऱ्या पिढीचं. त्याच्या मुठीवर बोटांसाठी खाचा आहेत. त्या खाचा कुणाच्या बोटांवरून घेतल्या कोण जाणे, मेहुण्याचं मधलं बोट नेमकं उंचवट्यावर येतं. पाचव्या पिढीत, २०१७ साली, कंपनीनं खाचा काढूनच टाकल्या. मुठीचा कलही जरा जास्त. पोलादी पिस्तुलाची सवय असलेल्याचा नेम पहिल्यांदा वर जातो. आणि नेमाच्या खुणा प्लास्टिकच्या. त्या मेहुण्यानं पहिल्याच महिन्यात बदलून घेतल्या. एवढ्या तक्रारी तो स्वतःच सांगतो, आणि शेवटी म्हणतो, "पण चालतं!" यावर वाद संपतो.

चालतं हे खरं. गोळीबाराच्या हॉलमध्ये काचेपलीकडे बसून मी शंभर गोळ्या मोजल्या. एकच अडकली, तीही मेहुण्याच्या बायकोच्या हातून. रिकामी पुंगळी बाहेर न पडता धुराड्यासारखी स्लाइडमध्ये उभी राहिली. ती म्हणाली, पिस्तूल बिघडलं. तो म्हणाला, तुझं मनगट ढिलं होतं. यांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर असावं. हलक्या पिस्तुलाला मागून घट्ट आधार नसला तर स्लाइडची फेरी अपुरी पडते. पण ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. पैसे भरायच्या मशिनमध्ये नोट अडकली की आम्हीही ग्राहकाला हेच सांगतो, नोट नीट सरळ करून घाला.

आता माझा मूळ आक्षेप. या पिस्तुलाला बाहेरून बंद करायची कळ नाही. सुरक्षेच्या तीन व्यवस्था आहेत, त्या चांगल्याही आहेत, आणि हातातून पडलं तर गोळी सुटू नये याची सोय पक्की आहे. पण तिन्ही व्यवस्था एकाच चापाच्या हुकमात. चापावर बोट ठेवून अडीच किलोंच्या आसपास जोर दिला की तिन्ही मिळून "हो साहेब" म्हणतात. मेहुणा म्हणतो, हाच तर गुण! जिवावर बेतलेलं असताना कळ कुठे शोधत बसणार? पोलिसांना ते याच कारणानं आवडतं. तरी न्यूयॉर्कच्या पोलिसांनी चाप आणखी जड करून मागितला, आणि त्या स्प्रिंगला आजही 'न्यूयॉर्क ट्रिगर' म्हणतात. म्हणजे शंका येणारा मी एकटाच नाही.

आमच्या तिजोरीला दोन चाव्या. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसले तरी तिजोरी दोघांनीच उघडायची. मोठ्या रकमेच्या व्हाउचरला दुसरी सही हवी, आणि ती करणारा नेमका चहाला गेलेला असतो. या दुसऱ्या सहीला आयुष्यभर शिव्या घातलेला माणूस मी. टेक्सासमध्ये एका सहीवर चालणारं यंत्र पाहिलं आणि प्रथमच तिची आठवण आली.

आठवण आमच्या शाखेच्या गार्डचीही आली. त्यांना आम्ही सुभेदार म्हणतो. त्यांच्याकडे बाराबोअरची दुनळी आहे. वजनाला जड, गोळ्या दोन, वेगाच्या बाबतीत मेहुण्याच्या पिस्तुलापुढे बैलगाडी. पण ती मधोमध मोडते. मोडली की दोन्ही नळ्यांतलं सगळं उघड्यावर येतं. आहे की नाही, हे बसल्या जागेवरून मलाही दिसतं. पिस्तुलाची शिल्लक अशी दिसत नाही. ती काढून बघावी लागते, आणि विशिष्ट क्रमानंच. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, मग आत डोळ्यांनी बघायचं, वर बोट घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला तर एक गोळी बाहेर येते आणि मॅगझीनमधली दुसरी गुपचूप तिच्या जागी जाऊन बसते. आणि ग्लॉक साफ करायला खोलायचं, तर आधी चाप ओढावाच लागतो. रचनाच तशी आहे.

दुसऱ्या रविवारी मेहुणा दिवाणखान्यात पिस्तूल साफ करायला बसला. मी समोर चहा घेत होतो. आदल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं होतं, एक चेंबरमध्ये, चौदा मॅगझीनमध्ये, एकूण पंधरा. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून लसूण कुठे आहे विचारलं. "फ्रीजवर, ताई," असं म्हणत त्यानं स्लाइड ओढली, गोळी गालिच्यावर पडली, मग मॅगझीन काढलं. त्यातल्या गोळ्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. मला मोजायची सवय. रस्त्यानं जाताना मी विजेचे खांब मोजतो.

"चौदाच आहेत," मी म्हणालो.

"सोफ्याखाली गेली असेल एखादी. नंतर बघू." आणि त्यानं पिस्तूल भिंतीकडे धरलं.

तिकडच्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे पत्रे. गोळीला त्या भिंती नसल्यासारख्याच. पलीकडे भाची कार्टून बघत होती. हसण्याचा आवाज येत होता.

"अरे, एक कमी भरते आहे," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. "रोख जुळल्याशिवाय मी आजवर कुणाला घरी सोडलेलं नाही. आधी जुळव."

माझ्या आवाजाला तो दचकला असावा, किंवा पाहुण्याचा मान राखायचा म्हणून असेल, पण त्यानं चापाकडे निघालेलं बोट मागे घेतलं आणि स्लाइड पुन्हा ओढली. पंधरावी गोळी बाहेर उडाली, टेबलावर आपटली आणि माझ्या बशीत येऊन पडली.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आतून सौभाग्यवती म्हणाल्या, "फ्रीजवर नाहीये रे लसूण."

आता रविवारी रात्री साडेनऊला, तिकडे सकाळचे अकरा वाजलेले असताना, मेहुण्याचा व्हिडिओ कॉल येतो. तो मॅगझीन आधी काढतो, मग स्लाइड ओढतो, उघडं चेंबर कॅमेऱ्यापुढे धरतो आणि गोळ्या पाच-पाचच्या तीन ओळींत मांडतो. मी चष्मा लावून मोजतो. मी "पंधरा" म्हटल्याशिवाय तो चापाला बोट लावत नाही. गेल्या रविवारी आमचं नेटवर्क गेलं होतं, तर तो पाऊण तास तसाच बसून राहिला.