गौरव कोणत्या जीवनाचा?

मल्याळम चित्रपटातील आयुष्यभराच्या कामगिरीसाठी केरळ सरकार १९९२ पासून जे. सी. डॅनियल यांच्या नावाने पुरस्कार देते. ‘विगतकुमारन’ हा मल्याळमचा पहिला मूकपट डॅनियल यांनी काढला. १९७५ मध्ये ते उपेक्षेतच वारले. त्यांना मान उशिरा मिळाला, पण मिळाला.

त्याच मूकपटाची नायिका पी. के. रोझी, पुलया या दलित जातीतली. तिने पडद्यावर नायर स्त्री उभी केली, हाच तिचा गुन्हा ठरला. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड फेकले. ती तामिळनाडूत परागंदा झाली. पुन्हा पडद्यावर आली नाही.

म्हणून माझा सवाल पुरस्काराच्या कसोटीलाच आहे. जीवनगौरव दीर्घ कारकीर्द मोजतो. जिची कारकीर्द जातीने पहिल्याच चित्रपटात मोडली, तिचे मोजमाप कोणत्या मापाने करायचे? टिकून राहण्याची संधी जात वाटते आणि आपण तिला निव्वळ गुणवत्ता म्हणतो.

२०१९ मध्ये मल्याळम चित्रपटातल्या स्त्रियांनी रोझीच्या नावाने फिल्म सोसायटी काढली. ते योग्यच झाले. पण डॅनियल यांचे नाव जिथे घेतले जाईल, तिथे त्या दगडांचाही उच्चार झाला पाहिजे. त्याशिवाय हा गौरव मला अपुरा वाटतो.