गवताची जिद्द : एक प्रतिमा

आपल्या कथा-कादंबऱ्यांत रानगवताला एक ठरलेली भूमिका असते. ते खडक फोडून वर येते, वणव्यात जळून पुन्हा हिरवे होते आणि खचलेल्या नायकाला धीर देते. मी कादंबरीकार आणि शिक्षक. त्यामुळे ही प्रतिमा मला लिहिताना भेटते, तशीच मुलांचे निबंध तपासतानाही. ती गोड आहे, यात शंका नाही. ती खरी कितपत आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

वेल्समध्ये गोगिनन येथे शिशाची एक जुनी खाण आहे. तिथल्या मातीत शिसे आणि जस्त इतके, की काही उगवूच नये. तरीही एक साधे कुरणी गवत तेथे वाढते. ब्रॅडशॉ या वनस्पतिशास्त्रज्ञाने खाणीवरचे आणि जवळच्या कुरणातले त्याच जातीचे गवत खाणीच्या मातीत लावून पाहिले. खाणीवरचे वाढले, कुरणातले मात्र तगेना. ही हकीकत १९५२ साली प्रसिद्ध झाली.

मग खाणीवरचे गवत जिद्दीने जगले म्हणावे काय? पुढील प्रयोगांत असे दिसले, की कुरणातले बी अशा मातीत पेरले तर हजारांत एखाददुसरेच रोप तग धरते. विष सोसण्याचा गुण त्याने बीजातच आणलेला असतो. त्याचा वंश वाढतो, बाकीची मरतात. एकेक पाते आपले विषसोसेपण कमावत नाही, पिढ्यांमागून पिढ्या सारी वसाहतच बदलते. शिवाय या गुणाची किंमतही पडते. हेच गवत चांगल्या कुरणात नेले, तर शेजाऱ्यांपुढे मागे पडते.

शब्दांनी खुद्द डार्विनलाही अडचणीत आणले होते. ‘नैसर्गिक निवड’ म्हटल्यावर निवडणारा कोणीतरी आहे, असे काहींना वाटले. १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला खुलासा करावा लागला, की हे केवळ बोलण्याचे रूपक आहे.

माझी तक्रार रूपकाविषयी नाही. ते मेलेल्यांना विसरते, याविषयी आहे. ‘गवताकडे पाहा, परिस्थितीशी जुळवून घ्या’ असे वर्गात सांगताना, मागे पडलेल्या मुलात जिद्दच नव्हती, असा निवाडा आपण नकळत देऊन बसतो. गवताची खरी गोष्ट तसे सांगत नाही. तिच्यात माती विषारी होती हे पहिले, आणि कोण वाचले हे त्यानंतरचे. गवताला माती बदलता येत नाही; माणसाला येते. शाळा असतात त्या त्यासाठीच.

म्हणून, वाचकहो, या दिवाळीत एखाद्या कथेत खडकावरचे हिरवे पाते भेटले, तर त्याचे कौतुक जरूर करावे. पण लेखकाला एवढेही विचारावे, की बाकीच्यांचे काय झाले?