समासातला शब्द

ओरोस फाट्यावर उतरून सिंधुदुर्गनगरीत शिरलं की जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा न्यायालय ही तिन्ही ठिकाणं गाठता येतात. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला आणि ही नगरी त्याचं मुख्यालय बनली. फेरफाराचं अपील एका इमारतीत चालतं, वाटणीच्या दाव्याचं दुसरीत. जमीन तीच, भाऊही तेच. पण महसुलाची नोंद कुणाची आणि हक्क कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गावच्या माणसाला सत्तेची विभागणी कळते ती अशी, दोन ठिकाणच्या तारखा सांभाळताना. मला इथे आलं की याच भागाच्या खासदाराने मांडलेला आणि कधीच कायदा न झालेला एक मजकूर आठवतो. बॅरिस्टर नाथ पैंचं १९६७चं घटनादुरुस्ती विधेयक.

वेंगुर्ल्याचे नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. प्रजा समाजवादी पक्षाचे, म्हणजे विरोधी बाकावरचे. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला आणि चाळीस दिवसही व्हायच्या आत, ७ एप्रिलला, त्यांनी आपलं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं.

या विधेयकाची गोडी कळायला आधी त्या निकालाचं वाचन कळायला हवं. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्याला करता येणार नाही, असं कलम १३ सांगतं. घटनादुरुस्ती हाही कायदाच, तेव्हा तिलाही ती मनाई लागू, असं बहुमताने ठरवलं. मग कलम ३६८चं काय? त्याच्या समासातल्या टिपेत तेव्हा दुरुस्तीच्या ‘कार्यपद्धती’चाच उल्लेख होता, ‘अधिकारा’चा नव्हता. म्हणजे वाट आखून दिली आहे, पण त्या वाटेने चालायचा हक्क या कलमात नाही! समासातल्या एका शब्दावर एवढा डोलारा उभा राहिलेला पाहिला की वाचक म्हणून मी थक्क होतो.

नाथ पैंचं उत्तर अगदी थोडक्यात होतं. ३६८मधल्या पद्धतीने घटनेची कोणतीही तरतूद दुरुस्त करता येईल, एवढाच त्याचा आशय. सारा जोर ‘कोणतीही’ या शब्दावर. त्यात न्यायालयावर राग नाही, एखादा विशिष्ट निकाल पुसून टाकायची घाई नाही. मजकुरात जिथे संदिग्धता होती तिथेच त्यांनी बोट ठेवलं. कसलेला वकील अर्ज लिहितो तसं, एकही शब्द जास्त नाही.

आणि या शब्दाला कोकणात वजन होतं. मूलभूत हक्कांच्या आधारे कायदे रद्द होऊ नयेत म्हणून ते ज्यात ठेवायचे, ते घटनेचं नववं परिशिष्ट १९५१च्या पहिल्या दुरुस्तीने आलं. त्याच्या मूळ यादीत मुंबईचा कुळकायदा दुसरा आहे, खोती निर्मूलनाचा कायदा सहावा. खोताच्या दारात उभं राहिलेल्या कुळांचा प्रदेश ज्याला ठाऊक, त्याला मालमत्तेचा तेव्हाचा मूलभूत हक्क संसदेच्या हातापलीकडे ठेवणं कसं पटावं? गोलकनाथने आधीच्या दुरुस्त्या मोडल्या नाहीत, हे खरं. पुढचं दार मात्र बंद केलं. नाथ पै बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. हक्क स्वस्त मानणारा हा माणूस नव्हता. हक्कांची राखण शेवटी लोकांनी आणि त्यांनी निवडलेल्या सभागृहाने करायची, हा भरवसा मला त्या ‘कोणतीही’मध्ये ऐकू येतो.

तरीही या विधेयकाचं वाचन दुसऱ्या एका मराठी माणसाच्या प्रश्नाशिवाय पुरं होत नाही. न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर. सज्जनसिंग खटल्यात (१९६४) ते निकालापुरते बाकीच्यांशी सहमत झाले, पण आपल्या स्वतंत्र निकालपत्रात त्यांनी एक शंका लिहून ठेवली: घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं तर तिला दुरुस्ती म्हणायचं, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणं? पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३चा एक निकाल त्यांनी त्यासाठी पुढे ठेवला होता. शेजाऱ्याकडून एवढा मोलाचा विचार मोकळ्या मनाने घेणं मला फार आवडतं. अधिकृत मराठीत आता ‘सुधारणा’ म्हणतात, पण आपल्या तोंडचा ‘दुरुस्ती’ हा शब्द जास्त नेमका आहे. पावसाआधी कौलं बदलली, वाळवी लागलेला वासा काढला, ही घराची दुरुस्ती. जोतंच उखडलं तर त्याला दुरुस्ती कुणी म्हणत नाही.

२४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी, सात विरुद्ध सहा अशा बहुमताने, दोन्ही शब्द जागेवर बसवले. संसद कोणतीही तरतूद बदलू शकते, इथे नाथ पै बरोबर ठरले. पण ती दुरुस्तीच असली पाहिजे, घटनेची मूळ चौकट मोडता कामा नये, इथे मुधोळकर. न्यायमूर्ती पाळेकर आणि यशवंतराव चंद्रचूड तेव्हा अल्पमतात होते. मग १० ऑगस्ट १९७५ ला एकोणचाळिसावी दुरुस्ती आली आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली गेली. ७ नोव्हेंबरला न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, आणि रद्द करणाऱ्यांत चंद्रचूडही होते. १९८०मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या निकालात, संसदेचा दुरुस्तीचा अधिकार मर्यादितच आहे, हे बहुमताचं निकालपत्र त्यांनीच लिहिलं. १९७५ने त्यांना जे शिकवलं, ते नाथ पैंच्या विधेयकात नव्हतं. ‘दुरुस्ती’ कुठे संपते, याबद्दल ते विधेयक काहीच बोलत नाही. ही त्याची उणीव, आणि ती लहान नाही.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, चर्चा लांबत गेली, आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाली. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पै गेले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. घटनेची प्रत हाताशी असेल तर कलम ३६८चा मथळा उघडून पाहा. तिथे आता ‘कार्यपद्धती’च्या आधी ‘संसदेचा अधिकार’ हे शब्द आहेत.